पाल, वाडा आणि कोपी: आरोग्याच्या पाहणीतून सुटणारी माणसं

जानेवारीचा महिना. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एखाद्या गावात आरोग्य-पाहणीचं पथक येतं. हातात मतदारयादीतून निवडलेल्या घरांचा कागद असतो. धनगरवस्तीवरच्या सहा घरांपैकी चारांना कुलूप. कागदावर ‘घर बंद’ असा शेरा पडतो आणि पथक शेजारचं घर घेतं. ती चार कुटुंबं दिवाळीनंतरच मेंढरं घेऊन बाहेर पडलेली असतात, परतायची ती पावसाच्या तोंडावर. त्याच दिवशी सांगलीच्या वाळवा तालुक्यात उसाच्या फडाशेजारी बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या पंधरा कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या असतात. तिथं माणसं आहेत, पण इथल्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नाही, म्हणून तिथलं पथकही पुढं जातं. मार्चअखेर दोन्हीकडं अहवाल तयार होतो: जिल्ह्यातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण इतके इतके टक्के. जिल्ह्यातल्या म्हणजे नेमक्या कोणत्या स्त्रिया, हे त्यात लिहिलेलं नसतं.

अशा समाजांना अहवालांत ‘पोहोचायला अवघड’ म्हणायची पद्धत आहे. पण टोळीपर्यंत मजूर जमवून आणणारा मुकादम पोहोचतो, कारखान्याचा पावत्या देणारा स्लिपबॉय पोहोचतो, किराणावाल्याची उधारीची वही पोहोचते. मेंढपाळांच्या वाड्यापर्यंत, म्हणजे मेंढरांसोबतच्या मुक्कामापर्यंत, लोकर आणि बकरी घेणारा व्यापारी पोहोचतो. पाहणीच तेवढी पोहोचत नाही, कारण तिची यादी, तिचा महिना, तिची भाषा आणि तिचा कागद हे सगळं पक्क्या घरात राहणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या माणसाला धरून बेतलेलं असतं. ती गळती नेमकी कुठं कुठं होते आणि प्रत्येक ठिकाणी काय करता येतं, ते इथं पाहू.

सुटल्यानं बिघडतं काय? औषधं, यंत्रं आणि प्रश्नावल्या ज्यांच्यावर तपासल्या जातात त्यांनाच त्या नीट लागू पडतात. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र कोरोनात घरोघरी आलं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्ष रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. त्वचेचा रंग यंत्राला फसवत होता. आपल्याकडचं उदाहरण याहून साधं आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला कितीतरी बायका ‘नाही’ म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत, कारण त्या मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात. मिश्रीचं नाव घेऊन वेगळा प्रश्न विचारला नाही, तर तंबाखूचा आकडा कागदावर कमी आणि तोंडात जास्त राहतो.

यादी आणि पंचांग

पहिला घोळ नावाचा. ‘भटके-विमुक्त’ असा एकच रकाना करून मोकळं होता येत नाही. सरकारी वर्गीकरणातच रामोशी, वडार, बंजारा, कंजारभाट हे विमुक्त जातींत येतात, धनगर भटक्या जमाती-क मध्ये आणि वंजारी भटक्या जमाती-ड मध्ये. फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि पालपारधी विमुक्त जातींत. घाटमाथ्याला कातकरी आहेत, ते विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी. पाटण-जावळीच्या डोंगरातला गवळी-धनगर आणि माणदेशातला मेंढका धनगर यांचं पाणी, खाणं, दवाखान्याचं अंतर काहीच सारखं नाही. म्हणून जात किंवा जमात माणसानं स्वतः सांगितली तशी, त्याच्याच शब्दात लिहायची, वर्ग नंतर लावायचा. हा प्रश्न शेवटी आणि खासगीत विचारावा. चारचौघांत विचारला तर काही जण दुसरंच नाव सांगतात, आणि त्यांना तसं का करावं लागतं हे वेगळं सांगायला नको.

जातीवरून आजाराचं कारण मात्र ठरवू नये. रकान्यात जात आली की तिलाच कारण समजायचा मोह होतो. एखाद्या टोळीत रक्तक्षय जास्त दिसला तर आधी पहाटे तीनला सुटणारं काम, शिळी भाकरी, जंत, पाठोपाठची बाळंतपणं आणि चुकलेल्या लोहाच्या गोळ्या पाहायच्या.

दुसरा घोळ महिन्याचा. मेंढपाळ घरी भेटायचे तर जून ते सप्टेंबर. तेव्हा माणदेशात पाऊस बेताचा आणि चारा असतो. ऊसतोड कामगार सांगली-साताऱ्यात भेटायचे तर दिवाळीनंतर ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप संपेपर्यंत), म्हणजे साधारण मार्च-एप्रिल. एकाच महिन्यात दोघे सापडत नाहीत, त्यामुळे एकाच फेरीत जिल्हा उरकणारी पाहणी कुणाला तरी वगळतेच. क्षेत्रकामाच्या दोन फेऱ्या धराव्यात. खर्च वाढतो, आणि तो अभ्यासाचा अर्ज लिहितानाच धरावा लागतो. मागून कोणी देत नाही.

तिसरा घोळ यादीचा. मतदारयादी, रेशनकार्ड आणि आशाताईंची नोंदवही या तिन्हींतून पालावरची, म्हणजे तंबूत राहणारी, माणसं सुटतात. टोळ्यांची यादी कारखान्याच्या शेती विभागाच्या गट कार्यालयात मिळते, पण ती करारांची यादी असते. तिथं एक ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. पोरं, म्हातारी आणि वाढं बांधायला आलेली बहीण त्यात नसते. म्हणून यादीवरून टोळी निवडायची आणि टोळीत गेल्यावर कोपीगणिक माणसं मोजायची. कोप्यांना खडूनं किंवा रंगीत कापडानं क्रमांक द्यावेत, कारण फड संपला की टोळी हलते आणि आठवड्यानं तिथं नुसतं पाचट उरतं. पालांसाठी गावची गायरानं, बाजारतळ, एसटी स्टँडमागची मोकळी जागा आणि यात्रांची ठिकाणं यांचा नकाशा त्या समाजातल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन करावा. पालीचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, आरेवाडीचं बिरोबाचं बन या ठिकाणी माणसं एकवटतात, पण तिथं फक्त ओळखी करून घ्याव्यात. देवाला आलेल्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, तर आकडाही खरा येत नाही आणि माणूसही पुन्हा जवळ येत नाही.

किती माणसं पुरतात?

समजा, पाहणीत १२०० माणसं आहेत आणि एखाद्या समाजाचा लोकसंख्येतला वाटा २ टक्के. म्हणजे पाहणीत त्या समाजाची २४ माणसं आली. त्यांतल्या सहा जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. अहवाल म्हणणार २५ टक्के. पण २४ माणसांवरून काढलेल्या या आकड्यामागं खरं प्रमाण साधारण १२ पासून ४५ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. अशा आकड्यावर योजना आखणं म्हणजे आभाळ भरून आलं म्हणून पेरणी उरकून घेणं.

उपाय सोपा आहे: त्या समाजातली माणसं मुद्दाम जास्त घ्यायची. २०० घेतली, तर तेच २५ टक्के आता १९ ते ३१ च्या दरम्यान बसतात. संपूर्ण जिल्ह्याचा आकडा काढताना मात्र या २०० जणांचं वजन पुन्हा २ टक्क्यांवर आणायचं, नाहीतर जिल्ह्याचंच चित्र वाकडं होतं. इथं आणखी एक मेख आहे. एका टोळीतली माणसं एकच पाणी पितात, एकाच वेळी उठतात, बहुतेक एकमेकांची नातलग असतात. म्हणून एका ठिकाणची वीस माणसं ही वीस स्वतंत्र माणसं ठरत नाहीत. एका टोळीतली माणसं एकमेकांसारखी किती हे सांगणारा सारखेपणाचा गुणांक (० ते १) ०.०५ धरला, तर १० टोळ्यांतली प्रत्येकी २० माणसं हिशेबात जेमतेम १०३ जणांइतकी भरतात. तीच २०० माणसं २५ टोळ्यांतून आठ-आठ घेतली, तर ती सुमारे १४८ जणांइतकी. फिरणं वाढतं, पण माहिती जवळजवळ दीडपट मिळते.

प्रश्न कोणाचा?

सहभाग या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक, रक्त द्यायचं आणि उत्तरं द्यायची. दुसरा, काय विचारायचं, कसं विचारायचं आणि सापडलेल्या गोष्टीचं काय करायचं हे ठरवताना तिथं बसायचं. दुसरा आधी झाला तर पहिला नीट होतो.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्यावरचं लक्ष बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यावरच होतं. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे कोणी मोजत नव्हतं. आपल्या सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९६ पासून काम करते. एड्सच्या कामात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना नुसतं ‘लाभार्थी’ न ठेवता त्यांनाच कामाचं सुकाणू देता येतं, हे तिथं दिसलं.

म्हणून अभ्यास सुरू होण्याआधी किमान तीन-चार महिने त्याच समाजातल्यांचा सल्लागार गट बसवावा. आठ ते बारा जण, निम्म्या बायका, त्यांतल्या दोघी-तिघी पंचविशीच्या आतल्या. सरपंच, मुकादम, समाजाच्या संघटनेचा पदाधिकारी यांना भेटून माहिती द्यावी, पण गटात त्यांची गर्दी नको. ते असले की बाकीचे माना डोलावतात. गटाच्या बैठकीचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याच दिवशी हातावर द्यावा. गटानं बदललेली किमान एक गोष्ट दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल, तर गट फोटोपुरता आहे असं खुशाल समजावं.

भाषेचं काम याच गटाकडून करून घ्यायचं. लमाण टोळीत गोरमाटी चालते, वडारांची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळच्या, पारध्यांची गुजरातीच्या. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरातली भाषा कन्नड. मराठी कळते म्हणजे दुखणं मराठीत सांगता येतं असं नाही. एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट मराठीत आणायचं आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचे. ‘अशक्तपणा’ विचारला तर सगळेच हो म्हणतात. ‘उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का, पाण्याची घागर आणताना मधे बसावं लागतं का’ असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. ‘गेल्या ३० दिवसांत’ याऐवजी ‘मागल्या अमावास्येपासून या अमावास्येपर्यंत’. वय माहीत नसेल तर घटनांवरून काढावं: कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (१९९३), पंचवीस वर्षांच्या आतल्यांसाठी २००५ आणि २०१९ चे महापूर. टोळी बीडची असेल तर सांगलीचा पूर कामाचा नाही, तिथल्या घटना घ्याव्या लागतात. अशी घटनांची यादी छापून पथकातल्या प्रत्येकाच्या हाती असावी.

अंगठा

सगळ्यात जास्त चुका संमतीच्या कागदावर होतात, म्हणून इथं थोडं थांबू.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. १९११ च्या कायद्यानं त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद झाली. हजेरी आली, तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पालावर पोलीस यायचे थांबले असं कोणी म्हणणार नाही. अशा पालावर अनोळखी माणूस शाईचं पॅड उघडून ‘इथं अंगठा द्या’ म्हणतो, तेव्हा समोरच्याला आरोग्य आठवत नाही. ऊसतोड कामगाराची गोष्ट वेगळी, पण अंगठा तोच: त्यानं आजवर अंगठा दिलेला असतो तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, कागदावर. कागद म्हणजे फेडायचं काहीतरी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वं सांगतात, की माहिती समोरच्याला कळेल अशा भाषेत द्यावी, लिहिता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यावी, आणि समाजाच्या प्रमुखाची परवानगी घेतली तरी प्रत्येक माणसाची स्वतंत्र संमती घ्यावीच. साक्षीदार निःपक्ष म्हणजे पथकातला नको आणि मुकादमही नको. ज्याच्याकडं माणसाची उचल बाकी आहे त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणता येत नाही. नव्या औषधांच्या काही चाचण्यांत, सहभागी माणूस दुर्बल गटातला असेल, तर संमतीचं दृक्-श्राव्य ध्वनिमुद्रण २०१९ च्या नियमांनुसार करावंच लागतं. साध्या पाहणीत तोंडी संमतीची परवानगी नीतिसमितीकडं, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीकडं, आधी मागता येते. पालावर कॅमेरा काढायच्या आधी मात्र सल्लागार गटाला विचारावं. भीती अंगठ्याची असेल तर कॅमेऱ्याची दुप्पट असू शकते.

संमती घेताना ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. तीन गोष्टी त्यांच्या तोंडून वदवून घ्याव्यात: हे कशासाठी चाललंय, माझ्यावर काय होणार, आणि मी नाही म्हटलं तर काय होईल. पहिल्याचं उत्तर हमखास ‘शिबिर आहे’ किंवा ‘योजना आलीय’ असं येतं. तिथं थांबून सांगायचं, की यातून तुम्हाला पैसे किंवा घरकुल मिळणार नाही, आम्ही माहिती गोळा करतोय. रक्त किती, हे मिलिलिटरमध्ये सांगू नये. पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा, तो चमचा आणि ती नळी दोन्ही दाखवावीत. ‘रक्त विकतात’ ही अफवा नळी न दाखवल्यानंच वाढते.

जातपंचायतीचा जोर असेल तिथं एकजण हो म्हणाला की सगळे हो म्हणतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा असला तरी वाळीत पडायची भीती कायद्यानं जात नाही. यावर एक साधी युक्ती आहे: प्रत्येकाला तंबूत एकेकटं बोलवायचं आणि हो म्हणणारा असो वा नाही म्हणणारा, दोघांनाही सारखाच वेळ आत बसवायचं. रक्तदाब सगळ्यांचाच मोजून द्यायचा, अभ्यासाच्या वहीत फक्त संमती देणाऱ्यांचा लिहायचा. कोण नाही म्हणालं ते बाहेर कळत नाही.

संमती वरच्यावर उरकली की काय होतं, याचं उदाहरण देशात घडून गेलंय. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आताच्या तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींसाठी अनेक अर्जांवर पालकांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमतीच्या पद्धतीवर २०१३ साली संसदीय समितीनं कठोर ताशेरे ओढले. पुढं त्या लसीबद्दलचा संशय वर्षानुवर्षं टिकला.

मजुरी, खाडा आणि आकड्यांची परतफेड

टोळीतला माणूस अर्धा दिवस चाचणीला थांबला तर खाडा पडतो, आणि तो उचलीतून वळता होतो. जोडीतला एकजण नसला की दुसऱ्याचंही काम अडतं. म्हणून भरपाई द्यायची तर जोडीच्या बुडालेल्या कामाची. त्याहून बरं म्हणजे वेळच बदलावी: ऊस भरून झाल्यावर संध्याकाळी, स्वयंपाकाआधी, कोपीवरच. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं बसू द्यावं. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री झाली असेल तर थांबावं. मोळी वाहून नुकत्याच आलेल्या माणसाचा आकडा हा मोळीचा आकडा असतो. भरपाईची रक्कम नीतिसमितीकडून मंजूर करून घ्यावी लागते; ती इतकीही नसावी की पैशांसाठी आजार लपवून कोणी रक्त देईल.

हिमोग्लोबिन, रक्तदाब यांचा निकाल तिथंच, चिठ्ठीवर आणि तोंडी द्यावा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा कोणाचा रक्तदाब १८०/१२० च्या वर निघाला, तर ‘दवाखान्यात जा’ एवढं म्हणून भागत नाही; गाडी कोणती, सोबत कोण, प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाशी बोलून ठेवलंय, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं हवं.

छापताना समाज जितका लहान तितकी काळजी मोठी. गावात गोपाळांची तीनच घरं असतील आणि तक्त्यात गाव, जात, वय आणि क्षयरोग असे चार रकाने असतील, तर नाव न छापताही माणूस ओळखू येतो. पाचपेक्षा लहान आकडा तक्त्यात देऊ नये, गावाऐवजी तालुका लिहावा.

उरलेल्या रक्ताचं काय करणार, तेही संमतीपत्रातच असावं: किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरणार का, नंतर नष्ट करणार का. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीनं मधुमेहाच्या अभ्यासाला म्हणून दिलेलं रक्त पुढं मानसिक आजार आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली, उरलेले नमुनेही परत द्यावे लागले.

राहिला एकत्रित निष्कर्ष सांगण्याचा मुद्दा. मेंढपाळांना तो पावसाळ्यात, माणसं घरी असताना सांगता येतो. टोळीचं तसं नाही. मार्चमध्ये आकडेमोड चालू असते आणि पट्टा पडला की टोळी आठवड्याभरात गावी. मुकादमाकडं छापील अहवाल पाठवणं म्हणजे तो ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवणं. कामगारांच्याच बोलीतला चार-पाच मिनिटांचा आवाजी निरोप फोनवर पाठवावा, आणि एक फेरी त्यांच्या गावी करावी. मे महिन्यात, लग्नसराईत, बहुतेक माणसं गावात सापडतात. दोन गाड्या, चार माणसं, तीन दिवसांचा मुक्काम: हा खर्च नीतिसमितीपुढं जाणाऱ्या पहिल्याच अर्जात, रक्ताच्या नळ्यांच्या ओळीखाली लिहायचा.